भावाला शिरोलीच्या फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) घालू की इचलकरंजीत यंत्रमागावर? धोका कुठे जास्त?
अपघात बघाल तर फाउंड्रीत जास्त. मी तिथंच सेफ्टीचं काम बघतो. १४०० अंशांच्या आसपासचा वितळलेल्या लोखंडाचा रस ओलसर लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळतो. भाजतात ते असे. मागावर भीती उडालेल्या धोट्याची (आडवा धागा नेतो तो), डोळा सांभाळायचा. पण आजार धरले तर हे गणित तेवढं सरळ नाही: फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करायच्या) धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार, मागाच्या खडखडाटानं बहिरेपण. दोन्ही यायला बहुतेकदा वर्षं जातात, म्हणून अपघाताच्या रजिस्टरात सापडत नाहीत. कुठंही घाला, ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) कार्ड मिळणार का ते आधी विचारा. १० किंवा जास्त कामगारांचा कारखाना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ते मिळायलाच हवं.