कोआलाला ‘कोआला बेअर’ म्हणतात, मग तो अस्वलांत का मोडत नाही?

कारण कोआलाचं पिल्लू आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढतं आणि त्याचं रक्ताचं नातं अस्वलाशी नाही, कांगारूच्या गोतावळ्याशी आहे. अशा पिशवीवाल्या सस्तन प्राण्यांना मार्सुपियल किंवा शिशुधान प्राणी म्हणतात. कोआलाचा गर्भ पोटात जेमतेम 35 दिवस राहतो. जन्मतं ते घेवड्याच्या दाण्याएवढं, उघडंवाघडं, आंधळं पिल्लू. वजन एक ग्रॅमही नाही. तेवढ्याशा पुढच्या पायांनी ते आईची फर धरत स्वतःच पिशवीत शिरतं, सडाला तोंड लावतं आणि पुढचे सहाएक महिने आतच. कोआलाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक वॉम्बॅट, तोही पिशवीवालाच. तो जमिनीत बिळं करतो, पिशवीत माती जाऊ नये म्हणून त्याची पिशवी मागे उघडते. कोआला झाडावर राहूनही त्याच्या पिशवीचं तोंड खाली-बाहेरच्या बाजूला असतं! अस्वल मात्र कुत्र्या-मांजरांच्या मांसभक्षक गणातलं.

नावाचा घोळ युरोपियनांनी घातला: गुबगुबीत अंग, गोल कान बघून अस्वल म्हणून मोकळे झाले. 1816 मध्ये दिलेल्या फॅस्कोलार्क्टोस या शास्त्रीय नावाचा अर्थही ‘पिशवीवालं अस्वल’ असाच.

एक दुरुस्ती: ‘मार्सुपियलांना वार (आईच्या पोटात गर्भाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) नसते’ असं सर्रास सांगतात, ते तितकंसं खरं नाही. वार असते, पण साधी आणि थोड्या दिवसांची. खरं पोषण पिशवीतल्या दुधावर. आणि पिशवी फक्त मादीला असते, नर कोआलाला नाही.