पहिला रीफ टँक: आधी त्याला एक उन्हाळा काढू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरला राहता, गोड्या पाण्यातला दोन फुटी प्लांटेड टँक बरीच वर्षं सांभाळलाय, आणि आता मार्चमध्ये तीन फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला प्रवाळांचा टँक लावून त्यात क्लाउनफिशची जोडी, एक ॲनिमोन (समुद्रफूल) आणि थोडे कोरल (प्रवाळ) ठेवायचेत. दुकानदार म्हणतो, बाटलीतले बॅक्टेरिया ओता आणि तिसऱ्या दिवशी मासे सोडा.

टँक मार्चमध्ये जरूर लावा. पण पहिला मासा पाऊस सुरू झाल्यावर आणा. मधले तीन महिने टँकमध्ये फक्त खाऱ्या पाण्यात दगड असतील आणि सगळी यंत्रणा चालू असेल. एप्रिल-मेमध्ये पाण्याचं तापमान किती चढतं आणि लाइट गेल्यावर काय होतं, हे जीव आत नसताना कळायला हवं. विदर्भात रीफ टँक बहुतेक याच दोन गोष्टींमुळे कोसळतात.

तापमानापासून सुरुवात करू. रीफचं पाणी २५-२६ अंशांवर असावं. दिवसेंदिवस ते ३० च्या वर राहिलं तर कोरल आपल्या ऊतींमधलं शैवाल बाहेर टाकून पांढरे पडायला लागतात. तुमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे लावले की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तेच पंखे फारसं काम करत नाहीत. मात्र ज्या खोलीत कूलर चालतो तिथे हवा ओलसर होते आणि पंख्यांचा फायदा बराचसा जातो. म्हणून टँकच्या खोलीत एसी लावा, नाहीतर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या. साधारण २०० वॅटचा चिलर दिवसातून १२ तास चालला तर महिन्याला ७२ युनिट होतात, तेवढा हिशोब धरून ठेवा. चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो पाण्यातली उष्णता बाहेर फेकतो. कपाट तापलं की त्याचंच काम वाढतं.

पंखे लावले की दुसरा प्रश्न येतो. पाणी उडतं, मीठ उडत नाही. तीन फूट बाय दीड बाय दीड टँक काठोकाठ भरला तर १९० लिटरचा होतो. दगड-वाळू धरून खरं पाणी १७० च्या आसपास. दिवसाला चार लिटर उडाले आणि तीन दिवस तुम्ही गावाला गेलात, तर ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग क्षार) सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, साडेसदतीसच्या पुढे गेलेली असते. यावर उपाय ऑटो टॉप-अपचा, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा. त्याच्या डब्यात गोडं आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेलं) पाणी ठेवायचं, मिठाचं नाही. प्लांटेड टँकची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला उलटं वाटतं. सॅलिनिटी रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, आणि तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने अधूनमधून तपासा. तरंगत्या काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर मी विसंबत नाही.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल का, असंही विचारलंय. तसंच्या तसं नको. पिण्याच्या पाण्यात चव राहावी म्हणून त्या यंत्रात थोडे क्षार मुद्दाम राहू देतात किंवा परत मिसळतात. टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर लावून पाहा, आकडा तिथेच दिसेल. मेंब्रेननंतर डीआय रेझिनचा टप्पा जोडून टीडीएस शून्यावर आणा. बोअरचं कठीण पाणी असेल तर रेझिन लवकर संपतं, हाही खर्चाचाच भाग. रीफ टँकसाठीचं मीठ लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या भरण्याला सहा-सात किलो. कोकणात नातेवाईक असले तरी किनाऱ्यावरचं पाणी कॅनमधून आणू नका. त्यात गाळ आणि सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळची सॅलिनिटी बरीच खाली आलेली असते.

आता लाइट जाण्याबद्दल. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, खाऱ्यात पावणेसात. पाणी तापेल तसा तो आणखी कमी होतो. म्हणजे मे महिन्यात लाइट गेली की पाणी हलायचं थांबतं आणि मासे आधी गुदमरतात, तापमानाचा फटका नंतर बसतो. इन्व्हर्टरवर पहिला मान वेव्हमेकरचा, म्हणजे टँकमध्ये प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचा. डीसी वेव्हमेकर १०-२० वॅटवर चालतो आणि पृष्ठभाग हलता ठेवतो. त्यानंतर रिटर्न पंप, जो खालच्या फिल्टर-टाकीतलं (सम्प) पाणी वर टँकमध्ये नेतो. दिवे आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद राहिले तरी काही तास काही बिघडत नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप तरी घरात असू द्या. आणि कृपा करून टँकच्या बोर्डाला नीट अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. खारं पाणी आणि वीज एकत्र आहेत, इथे काटकसर नको.

दुकानदाराच्या तीन दिवसांकडे येतो. प्लांटेड टँकमध्ये वनस्पती माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया थेट शोषतात आणि पीएचही सातच्या आसपास असतो, त्यामुळे घाई केली तरी बऱ्याचदा निभावतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४. या पीएचला अमोनियाचा कितीतरी जास्त वाटा विषारी रूपात असतो, आणि तो शोषायला वनस्पतीही नसतात. बाटलीतले बॅक्टेरिया वापरा, त्यांचा उपयोग होतो. पण ते टिकलेत का, हे मोजल्याशिवाय मानू नका. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत दोन भाग) न्या. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की सायकल झाली, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये स्थिरावले. याला तीन ते सहा आठवडे लागतात. नंतर जूनपर्यंत बॅक्टेरिया उपाशी राहू नयेत म्हणून आठवड्याला थोडा अमोनिया देत राहा. मधे काचेवर-वाळूवर तपकिरी थर येईल. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, आपोआप ओसरतात.

दगड सुका, कृत्रिम किंवा खाणीतला घ्या. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडाही टँकमध्ये नको. सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येतात, आणि मेलेल्या सांगाड्यालाही तेच संरक्षण आहे. समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. कुणी ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेला, जीव असलेला दगड) म्हणून पोतं पुढे केलं तर ते कुठल्या तरी रीफवरून तोडलेलं असण्याची शक्यता मोठी. आपण ज्या गोष्टीवर प्रेम म्हणून हा छंद करतो तिचाच तो तुकडा असतो, म्हणून मला याची फार चीड येते.

जूननंतर पहिले कोरल मऊ जातीचे घ्या: मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप. शेवटचा वेगळ्या दगडावर ठेवा, नाहीतर सगळ्या दगडांवर चढतो. त्यांना माफक प्रकाश पुरतो. नवीन दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण तीव्रतेवर चालवू नका. झोअँथिड हे बटणासारखे छोटे पॉलिप सुंदर दिसतात, पण त्यांच्यातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नका, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका. वाफेतून विष श्वासात जातं आणि घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यावं लागू शकतं.

नायट्रेट ५-१० पीपीएम, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता, डीकेएच या एककात) ८-९, एवढ्यावर स्थिर राहा. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आणायचा हट्ट करू नका. तशा पाण्यात डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर माजतो आणि तो घालवणं शैवालापेक्षा अवघड जातं.

क्लाउनफिशची जोडी उत्तम निवड आहे. टँकमध्ये पैदास केलेलीच मागा. आपल्याकडे मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रांत सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केलेली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं काही कारण नाही. या जोडीला ॲनिमोन लागतोच असं नाही. ॲनिमोन वर्षभरानंतर आणा. तो जागा बदलत हिंडतो, आणि वेव्हमेकरमध्ये ओढला गेला तर सगळं पाणी नासवतो. ब्लू टँग मात्र तीन फुटात नकोच, तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

तुमचा जुना दोन फुटी टँक विकू नका. तो क्वारंटाइनला ठेवा: वाळू नाही, दगड नाही, एक स्पंज फिल्टर आणि लपायला पाइपचे तुकडे. स्पंज आत्तापासूनच मोठ्या टँकच्या सम्पमध्ये टाकून ठेवा, म्हणजे जूनपर्यंत त्यात बॅक्टेरिया बसलेले असतील. प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे तिथे राहू द्या. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध तिथेच, टेस्ट किटने रोज मोजत द्या. मोठ्या टँकमध्ये तांबं कधीच नको. कोळंबी, गोगलगायी आणि कोरल त्याने मरतात. एकदा तांबं वापरलं की त्या टँकचा स्पंज, जाळी, नळी यांतलं काहीही रीफमध्ये जाऊ देऊ नका.

मार्चमध्ये पाणी भरलंत की दुपारी तीनचं आणि पहाटेचं तापमान रोज लिहून ठेवा आणि मेअखेर ते आकडे इथे टाका. चिलर किती क्षमतेचा लागेल ते त्यावरून नेमकं सांगता येईल.