पोस्ट टाकावी, पण कोणासाठी?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, की मोबाइलवर रोज येणाऱ्या पोस्टमधून गावाच्या हाती काही लागतं का, की तो नुसता कलकलाट आणि ज्याचा-त्याचा डांगोरा. बहुतेक पत्रं तक्रारीची आली, पण त्यांच्या पोटात कामाचे प्रश्न होते. त्यातले काही इथं घेतले आहेत.

प्रश्न : आमचा बचत गट भिवापुरी मिरचीचं तिखट कुटून विकतो. गटातल्या एकीच्या पोरीनं इन्स्टाग्रामवर रील टाकली. नऊ हजार लोकांनी पाहिली आणि ऑर्डर आल्या दोन, त्यातली एक ओळखीतली. काही जणी म्हणतात, हे मिरवणं बंद करा. काय करावं?
— बचत गटाच्या सचिव, भिवापूर तालुका

उत्तर : ताई, मालाची जाहिरात करण्यात लाजायचं काय? आठवडी बाजारात पाल टाकून बसलेली बाईसुद्धा ओरडूनच विकते. तुमची रील चुकली ती दुसरीकडे.

आधी नऊ हजारांचा आकडा डोक्यातून काढा. इन्स्टाग्राम रील अनोळखी माणसांना दाखवतं. त्यातला कोणी केरळचा, कोणी राजस्थानचा, आणि बहुतेक जण बोट सरकवता सरकवता दोन-चार सेकंद पाहून पुढं जातात. तुमचं गिऱ्हाईक उमरेड, पवनी, नागपूरला आहे, आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्याच माणसांत आहे. त्यांच्यापर्यंत पोचलेली तीनशेची रील नऊ हजारांच्या रीलपेक्षा मोलाची.

दुसरी गोष्ट, इन्स्टाग्रामच्या मजकुरात टाकलेली लिंक बोट ठेवून उघडत नाही. व्हॉट्सॲपची लिंक प्रोफाइलवरच्या बायोमध्ये टाकावी लागते. माल आवडला तरी नंबर शोधत बसायला कोणाला वेळ नसतो. रीलच्या पहिल्याच चित्रावर मोठ्या अक्षरात काय, किती, केवढ्याला आणि कुठवर पोचवणार एवढं आलंच पाहिजे. उदाहरणार्थ : ‘भिवापुरी तिखट, देठ काढून कुटलेलं. अर्धा किलोचा भाव अमुक. कुटल्याची तारीख अमुक. शनिवारी उमरेडला पोच मिळेल, बाहेरगावी टपालखर्च वेगळा.’ भाव लिहायचाच. ‘भावासाठी मेसेज करा’ वाचलं की बरीच गिऱ्हाइकं तिथूनच परततात. त्यांना वाटतं, माणूस पाहून भाव सांगणार. देठासकट मिरचीच्या तिखटापेक्षा तुमचं महाग का, हेही एका ओळीत सांगून टाका : देठ काढले की वजन घटतं आणि मजुरी वाढते.

फोटो दुपारच्या उन्हात काढू नका. भर उन्हात कॅमेऱ्याला लाल रंग पेलत नाही, तिखटाचा नुसता लाल गोळा दिसतो आणि पोत हरवतो. ट्यूबलाइटखाली रंग फिका पडतो. सकाळी आठ-नऊला दारातल्या सावलीत, पांढऱ्या बशीत तिखट आणि बाजूला चार अख्ख्या मिरच्या ठेवून काढा. फिल्टर लावायचा नाही. फोटोत एक रंग आणि पुडीत दुसरा निघाला, की ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, वर चार जणींना सांगतं.

विक्रीचं खरं काम व्हॉट्सॲप बिझनेसवर होईल. ते फुकट आहे, आणि त्यात मालाची यादी फोटो-भावासकट कॅटलॉगमध्ये लावता येते. जुन्या गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप सगळ्यांना वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप जातच नाही, आणि नेमकं हेच माहीत नसल्यानं गट म्हणतात की पाठवूनही उत्तर येत नाही. म्हणून प्रत्येक पुडीवर चिठ्ठी चिकटवा : ‘हा नंबर सेव्ह करा, नवी कुटाई झाली की कळवू.’ निरोप रोज नको. कुटाई झाली की एकदा, संपत आली की एकदा.

पुडीवर चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा नोंदणीचा) क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि वापरण्याची मुदत हवी. तोच क्रमांक फोटोत दिसू द्या, अनोळखी माणसाचा भरवसा त्यानं वाढतो. आणि ‘यानं शुगर जाते, कॅन्सर होत नाही’ असलं काही लिहू नका. रोग बरा करण्याच्या अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, मग जाहिरात वर्तमानपत्रातली असो की स्टेटसवरची.

महिनाभर एक वही ठेवा. ऑर्डर आली की ‘कुठं पाहिलंत?’ एवढंच विचारा आणि रील, व्हॉट्सॲप किंवा तोंडोतोंड यापैकी एका रकान्यात खूण करा. रीलचा रकाना रिकामाच राहिला तर पोरीचा तो वेळ चिठ्ठ्या चिकटवण्यात घाला.

प्रश्न : सोयाबीन पिवळं पडलं म्हणून ग्रुपवर फोटो टाकला. पाच जणांनी पाच औषधं सांगितली. त्यातला एक कृषी केंद्रवालाच निघाला. ऐकावं कोणाचं?
— शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : कोणाचंच नाही, कारण त्या फोटोवरून कोणालाच काही कळलेलं नव्हतं. सोयाबीन पिवळं पडायची कारणं अनेक आणि लांबून सगळी सारखीच दिसतात.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, वावरात पाणी साचून राहिलं असेल, तर बहुधा लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती जास्त दिसते आणि जादा पाणी ओसरून वाफसा आला की पुष्कळदा आपोआप सुधारते. जुनी, खालची पानं आधी पिवळी होत असतील तर नत्राकडे पाहा. पानावर पिवळे-हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतील तर पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग. तो पांढरी माशी पसरवते, आणि त्या झाडावर कितीही फवारलं तरी ते बरं होत नाही. अशी झाडं उपटून पुरायची, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि माशी आवरायची. झाड वरून सुकत असेल तर खोड उभं चिरून पाहा. आत तांबूस नागमोडी बोगदा दिसला की खोडमाशी. खोडावर किंवा देठावर दोन गोल खाचा आणि त्यांच्या वरचा भाग वाळलेला, तो चक्रीभुंगा.

म्हणजे फोटो चार लागतात : धुऱ्यावरून (बांधावरून) वावराचा, एका अख्ख्या झाडाचा, पानाचा वरून आणि खालून अगदी जवळून, आणि चिरलेल्या खोडाचा. जवळच्या फोटोत शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, अळीचा आकार त्यावरून कळतो. सोबत पेरणीची तारीख, वाण, मागच्या आठवड्यातला पाऊस, आतापर्यंत काय फवारलं आणि कधी हे लिहा. ‘खूप रोग आहे’ यातून काही कळत नाही. वावरात नागमोडी चालत वीस झाडं पाहा आणि वीसपैकी किती, ते लिहा.

पऱ्हाटीचंही (कपाशीचंही) तसंच. गुलाबी बोंडअळीसाठी ‘फवारू का?’ विचारण्याआधी एकरी वीस हिरवी बोंडं फोडा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली की नुकसानीची पातळी ओलांडली. पतंगांना मादीच्या वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री, दर सापळ्यात आठ पतंग सापडले तरी तोच इशारा. डोमकळ्या (अळीमुळं नीट न उमललेली फुलं) दिसल्या तर त्यांचा आकडाही टाका. असे आकडे घातलेली पोस्ट शेजारच्या शिवारालाही उपयोगी पडते, कारण पतंग काही तुमच्या धुऱ्यावर थांबत नाहीत.

कृषी केंद्रवाल्यानं सल्ला दिला यात वावगं नाही, त्याला पुष्कळदा आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण औषध विकणाऱ्यानं औषध सुचवताना ‘माझं दुकान आहे’ हे सांगायला हवं. उघड जाहिरात चालेल; सल्ल्याचा आव आणून केलेली जाहिरात चालणार नाही. त्यानं सांगितलेल्या डब्याच्या लेबलवर तुमचं पीक आणि ती कीड लिहिली आहे का, ते आधी वाचा. नसेल तर घेऊ नका. ग्रुपवर वाचून दोन-तीन औषधं एका पंपात मिसळायची तर मुळीच नाहीत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, हे दारव्ह्याच्या माणसाला आम्ही काय सांगावं. खात्रीचा सल्ला हवा तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर सकाळी सहा ते रात्री दहा फोन लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आणि एक काम जवळपास कोणीच करत नाही. फवारल्यानंतर आठ दिवसांनी त्याच झाडांचा फोटो टाका. फरक पडला नसेल तरी टाका. सगळ्या ग्रुपमध्ये सगळ्यात कामाची पोस्ट तीच ठरेल.

प्रश्न : गोसेखुर्द धरणाची सगळी ३३ दारं उघडली असा व्हिडिओ आमच्या गावाच्या ग्रुपवर आला. रात्री लोक गुरं सोडून बाहेर पडले. व्हिडिओ मागच्या वर्षीचा निघाला. मी ॲडमिन आहे. माझ्यावर केस होईल का? ग्रुप बंद करू का?
— ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : बंद करू नका भाऊ, नदीकाठच्या गावाला ग्रुप लागतोच. केसचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे, की सदस्याच्या पोस्टसाठी माणूस निव्वळ ॲडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही. त्याचा त्यात सामाईक हेतू किंवा आधी ठरलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. पण खोटं आहे हे कळल्यावर ते तसंच ठेवू नका. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो.

पावसाळ्यापुरते दोन ग्रुप करा. एक सूचनांचा. त्याच्या सेटिंगमध्ये मेसेज फक्त ॲडमिन पाठवतील असं करा आणि ॲडमिन तिघं ठेवा : पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि रात्री जागा असणारा एक जण. दुसरा ग्रुप गप्पांचा, तिथं काय यायचं ते येऊ द्या. सूचनेच्या ग्रुपवर व्हिडिओ नकोच. लिहून द्यायचं : तारीख, वेळ, किती दारं किती मीटर उघडली, विसर्ग किती आणि ही माहिती कोणी दिली. विसर्गात एक घोळ नेहमी होतो. एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर पाणी) म्हणजे ३५.३ क्युसेक (सेकंदाला घनफूट). कोणी क्युमेकचा आकडा क्युसेक म्हणून पुढं ढकलला की पूर आहे त्याहून लहान वाटतो, उलट केलं की गाव विनाकारण पळतं. एकक लिहिलेलं नसेल तर ती सूचना पुढं पाठवू नका.

मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसला तर तो खूप हातांतून आलेला आहे, पाठवणाऱ्यानं स्वतः काही पाहिलेलं नाही. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अफवेवरून पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच निरपराध माणसं मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डला पाच ठिकाणांची मर्यादा घातली. अफवा पुढं ढकलणाऱ्यातल्या बहुतेकांना आपण गावाचं भलंच करतोय असं वाटत होतं, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : गुड मॉर्निंग आणि भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरनं मोबाइल भरून जातो. ग्रुप सोडला तर लोक रागावतात. उपाय?
— वाशीम

उत्तर : ग्रुप सोडू नका, म्यूट करा. सेटिंगमध्ये स्टोरेजच्या पानावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. तिथंच ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ वेगळे दिसतात, ते एका झटक्यात पुसता येतात. भाऊंना शुभेच्छा नाही दिल्या तरी त्यांचा वाढदिवस होतोच.

प्रश्न : मुलगा बारावीनंतर शेती सोडून यूट्यूब करतो म्हणतो. पैसे खरंच मिळतात का?
— एक आई, वरुड तालुका

उत्तर : मिळतात, पण फार थोड्यांना. जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलेले व्हिडिओ किंवा ९० दिवसांत शॉर्टचे एक कोटी व्ह्यू. एवढं झालं म्हणजे पगार सुरू झाला असं नाही, अर्ज करण्याची पात्रता आली इतकंच. तुमच्या वरुडात संत्र्याच्या बागा आहेत, मुलाला त्यांचाच फायदा आहे. ‘मित्रांनो, स्वागत आहे’ म्हणत स्वतःचा चेहरा दाखवणारी पोरं ढीगभर पडली आहेत. मृग बहारासाठी बागेला दिलेला पाण्याचा ताण कधी तोडायचा, डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) आलेल्या खोडावर बोर्डो मलम कसं लावायचं हे हातानं करून दाखवणारी कमी.

मलमाचंच घ्या : मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. ते लोखंडाच्या बादलीत का करायचं नाही, हे दाखवलं तरी एक व्हिडिओ झाला. मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं, बादलीही जाते आणि मलमही. शीर्षकात शेतकरी जो शब्द शोधतो तोच घालायला सांगा. आवाजासाठी साधा कॉलरचा माइक घ्या, बागेतल्या वाऱ्यानं मोबाइलवरचा आवाज जातो. शेती न सोडता असे वीस व्हिडिओ तो करू शकला, तर पुढचं बोलू.