भाड्याच्या घरात ‘आर्को’ घ्यावा का?

तुमचा प्रश्न वाचून आमचं मिलानमधलं पहिलं घर आठवलं. इथे घर रिकामं मिळतं म्हणजे अगदीच रिकामं. छताच्या मधोमध नुसत्या वायरी लोंबत असतात, दिवे आपले आपण आणायचे. तुमच्याकडे वायरी खोलीच्या मध्यावर आणि जेवणाचं टेबल खिडकीपाशी, म्हणून आर्को, म्हणजे जमिनीवर उभा राहून कमानीने टेबलावर झुकणारा इटालियन दिवा, घ्यायचं मनात आहे. अस्सल घ्यावा की तसाच दिसणारा ३५० युरोंचा, असं विचारलंय.

गंमत अशी की आर्को जन्माला आला तो याच अडचणीतून. अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या डिझायनर भावांना टेबलावर वरून उजेड हवा होता, पण छताला भोक पाडायचं नव्हतं. रस्त्यावरचा दिव्याचा खांब डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी हा दिवा केला आणि १९६२ साली फ्लोस कंपनीने तो काढला. खाली कर्रारा संगमरवराचा सुमारे ६५ किलोंचा ठोकळा, त्यातून निघालेली स्टीलची कमान जवळजवळ दोन मीटर पुढे येते. म्हणजे ठोकळा आणि टेबल यांच्यामधून हातात भांडी घेऊन माणूस आरामात जातो. ठोकळ्याला आरपार भोक आहे, ते शोभेचं नाही. त्यात झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी उचलायचा. एका मित्राचं घर बदलताना आम्ही तो तिसऱ्या मजल्यावरून असाच उतरवला, पालखीच्या भोयांसारखी पावलं जुळवत. ठोकळ्याच्या कडाही मुद्दाम मारलेल्या आहेत, अंधारात नडगी आपटली तरी सालटं निघत नाही (स्वानुभव).

आता नकलेबद्दल. दगड महाग आणि वाहतूक त्याहून महाग, त्यामुळे स्वस्त नकलेत काटछाट तिथेच होते. ओळखीच्या एका घरी असा दिवा होता. पाहुण्यांच्या मुलाने कमान धरून जरा ओढली आणि अख्खा दिवा डोलायला लागला. सुदैवाने बाप जवळच उभा होता. तुमचं मूल तीन वर्षांचं आहे म्हणता, तेव्हा नकलेचा विषय माझ्या मते इथेच संपला. कायद्याची बाजूही आहेच. आर्कोसारख्याच दिसणाऱ्या आयात दिव्यावरून फ्लोसने लावलेला खटला थेट युरोपीय न्यायालयात गेला होता, निकाल २०११चा.

मग अस्सल घ्यावा का? दोन हजार युरोंच्या वर जातो. स्वतःचं घर असतं तर मी हो म्हटलं असतं. पण दोन वर्षांनी घर बदलायची शक्यता असताना ६५ किलोंचा दगड बाळगायची हौस कशाला?

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. टेबलाच्या बरोबर वर छताला एक हुक, आणि मधल्या वायरींपासून तिथपर्यंत लांब वायर जराशी झोळ देऊन ओढलेली. खाली साधी शेड, टेबलापासून ७०-७५ सेंटीमीटरवर, म्हणजे समोरच्याचं तोंडही दिसतं आणि बल्ब डोळ्यांत जात नाही. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. बल्ब २७०० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा, आणि खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलेला. आपल्याकडच्या ट्यूबलाइटची सवय असते, पहिले चार दिवस अंधारल्यासारखं वाटेल, पण पिठलं पिवळं दिसेल, करडं नाही.

वाचलेल्या पैशांत खरा इटालियन दिवा हवाच असेल तर दोन सांगतो. पारेंतेसी: छत ते जमीन ताणलेली स्टीलची तार, खाली वजन, आणि तारेवर कंसाच्या आकाराची वाकडी नळी. स्क्रू नाही, खटका नाही, नुसत्या घर्षणावर ती हवी तिथे थांबते. मूळ कल्पना डिझायनर पिओ मांझू यांची. ते गेल्यावर अकिले कास्तिल्योनी यांनी ती १९७१मध्ये पूर्ण केली. वाचायच्या कोपऱ्यात उत्तम, जेवणाच्या टेबलाजवळ नको, उघडा बल्ब डोळ्यांत जातो.

दुसरा माझ्या उशाशी आहे: विको माजिस्त्रेत्ती यांचा एक्लिस्से, आर्तेमिदे कंपनीचा, १९६७च्या कॉम्पासो दोरो या इटालियन डिझाइन पुरस्काराचा मानकरी. नावाचा अर्थच ग्रहण. पत्र्याच्या गोल टोपीत आणखी एक अर्धगोल, तो बोटाने फिरवला की उजेड खग्रासापासून पूर्ण बिंबापर्यंत हवा तेवढा. जुन्या तापणाऱ्या बल्बवर तो अर्धगोल फिरवताना बोट पोळायचं, एलईडी घातल्यापासून तो ताप गेला. मी जुन्या बाजारातून घेतला आणि वायर बदलून घेतली. तुम्हीही जुना घेतलात तर तेवढं नक्की करा.

रविवारी मोकळे असाल तर मिलानमधल्या एडीआय डिझाइन म्युझियमला जाऊन या, कॉम्पासो दोरो मिळालेल्या वस्तूंचा संग्रह तिथे आहे. आणि छत ठोठावून बघा, भरीव वाजतंय की पोकळ ते इथे कळवा. हुक कोणता घ्यायचा ते त्यावर ठरेल. घरमालकाला मात्र आधी विचारा.