फेलोशिपच्या यशकथा कशा वाचायच्या?

प्रश्न: माझी मुलगी यंदा बीएस्सी ॲग्री झाली. तिने एमपीएससीची तयारी करावी, अशी आमची इच्छा आहे. पण तिची एका वर्षाच्या ग्रामीण नेतृत्व फेलोशिपसाठी निवड झाली आहे. माहितीपत्रकात माजी फेलोंच्या यशकथा आहेत. कुणी शेतकरी कंपनी उभी केली, कुणी गाव पाणीदार केलं. यात खरं किती? आणि यावर घर चालतं का?

उत्तर: नमस्कार. ‘खरं किती’ हे तुम्ही आधी विचारलंत, ते फार बरं केलंत. बहुतेक पालक थेट मानधनाच्या आकड्यावर जातात.

अशा शिक्षणातून मोठी माणसं घडली आहेत, यात शंका नाही. वर्गीस कुरियन यांनी १९७९ साली आणंदला ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था सुरू केली. तिच्या पहिल्या तुकडीतले आर. एस. सोढी १९८२ मध्ये अमूलमध्ये रुजू झाले आणि २०१० मध्ये व्यवस्थापकीय संचालक झाले. मधली अठ्ठावीस वर्षं माहितीपत्रकात छापली जात नाहीत. तुमच्या मुलीला मात्र तीच जगायची आहेत.

आता शेतकरी कंपनीचं बघू. कंपनीची नोंदणी करणं हे यश नव्हे, ती कागदपत्रं सीए करून देतो. केंद्राच्या दहा हजार एफपीओंच्या, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या अशा उत्पादक कंपन्यांच्या योजनेत व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मदत मिळते, सीईओचा पगार त्यातूनच निघतो. ती मदत थांबली की खरी परीक्षा सुरू होते. खत-बियाणांच्या विक्रीवर आणि मालाच्या खरेदी-विक्रीवर पगार निघतो का? ऑडिट वेळेवर होतं का? वार्षिक सभेला सभासद येतात, की संचालकच एकमेकांचे चेहरे बघतात? चौथ्या वर्षीही ज्या कंपनीत हे सगळं सुरळीत चालतं, ती उभी करणाऱ्या फेलोने मोठं काम केलं, असं मी बेधडक म्हणेन. मग त्याचा फोटो कुठे छापून येवो न येवो.

पाण्याचंही तसंच. बांध-बंधारे पहिल्या पावसात छान दिसतात, पुढे गाळ भरतो. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. आज ते गाव लोकांना आठवतं ते पाण्याच्या ताळेबंदामुळे. पाऊस किती पडला ते मोजायचं, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. शेजाऱ्याला ‘यंदा तुझा ऊस नको’ असं तोंडावर सांगून पुन्हा त्याच्याच ओट्यावर चहा प्यायचा, हे नेतृत्व. ते वर्गात थोडंच शिकवता येतं. चांगला कार्यक्रम फेलोला अशा ग्रामसभांत बसवतो, वाईट कार्यक्रम शहरातल्या कार्यशाळांत.

म्हणून होकार कळवण्याआधी मुलीला संस्थेकडून पाच वर्षांपूर्वीच्या तुकडीतल्या तिघा-चौघांचे नंबर मागू द्या. त्यात अर्ध्यावर सोडून गेलेला एक तरी हवा. आज काय करता, पगार किती, तुम्ही निघाल्यावर गावातलं काम चालू राहिलं का, हे तिनेच विचारावं. तुम्ही शेजारी बसून ऐका. संस्था नंबर द्यायला काचकूच करू लागली, तर मी तिथे पाठवणार नाही.

घर चालण्याबद्दल स्पष्ट सांगतो. पहिली काही वर्षं हात आखडूनच राहावं लागतं. तुमच्या घरावर कर्ज असेल आणि तिच्या कमाईची तातडीने गरज असेल, तर हे तिला आत्ताच मोकळेपणाने सांगा, सहा महिन्यांनी नको. तशी निकड नसेल, तर हे वर्ष तिला द्या. एमपीएससीला खुल्या प्रवर्गालाही साधारण ३८व्या वर्षापर्यंत मुभा असते. आणि पुढे ती कृषी अधिकारी झालीच, तर शेतकरी कंपनी कुठे अडते हे तिने स्वतः पाहिलेलं असेल. बीएस्सी ॲग्रीतल्या ‘रावे’च्या, म्हणजे गावात राहून करायच्या प्रत्यक्ष कामाच्या, काही महिन्यांत ते पुरतं कळत नाही.