एका बाजूला एक प्रसंग, दुसऱ्या बाजूला भलताच : असं १८५८ सालचं तांब्याचं टोकन बनावट समजावं का?

लगेच तसं समजू नका. टोकन म्हणजे खासगीरीत्या पाडलेला नाण्यासारखा नग. दोन वेगवेगळ्या टोकनांचे ठसे, म्हणजे नग पाडायचे कोरीव साचे, एकत्र लावून पाडलेल्या अशा नगाला संग्राहक 'म्यूल', म्हणजे खेचर म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस सेज या नाणेविक्रेत्याने १८५८ साली ऐतिहासिक टोकनांची मालिका काढली. ठसे कोरले जॉर्ज लोव्हेटने. त्यांच्याही जोड्या अदलाबदल झालेल्या सापडतात. पुष्कळदा ही चूक नसायची. त्या काळी नाणेसंग्रहाचं वेड वाढत होतं आणि दुर्मीळ जोडी म्हणून हे नग मुद्दाम पाडून संग्राहकांना विकले जायचे. म्हणून जोडी विचित्र आहे एवढ्यावर जास्त पैसे मोजू नयेत असं मला वाटतं.

मला खरी गंमत वाटते ती ठशावरच्या तड्यांची. ठशाला तडा गेला की टोकनावर बारीक उठावदार रेघ येते, आणि पुढे ती वाढतच जाते. नेहमीच्या जोडीतल्या नगाशी ही रेघ ताडून पाहा. खेचरावर ती जास्त लांब असेल तर ते नंतर पाडलेलं आहे.

कडेवर सांध्याची रेघ मात्र भिंगाखाली नक्की तपासा. दोन टोकनं अर्धी कापून चिकटवलेलीही असतात. आणि कृपया घासून चकचकीत करू नका, तांब्याचा तो तपकिरी रंग परत येत नाही.