दुकानातली नोकरी सांभाळून सीसीएनए होईल का?

तुम्ही विचारलंय: बी.ए. झालंय, शिक्षण मराठी माध्यमातून, नागपूरच्या इतवारीत मोबाइलच्या दुकानात सकाळी अकरा ते रात्री नऊ नोकरी, हाताशी फक्त सकाळचे दोन तास. एवढ्यात सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) होईल का, क्लास लावावा का, आणि त्याआधी एखादी सोपी परीक्षा देऊन ठेवावी का?

होईल. मीही मराठी माध्यमाचीच. आज मिहानमधल्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळते, निम्म्या ड्यूट्या रात्रीच्या असतात. पण पहिल्या प्रयत्नात मी नापास झाले होते, आणि ते का झालं हे तुम्हाला आधी सांगते, कारण तुमच्या वाटेतही तोच खड्डा आहे.

ज्या क्लासला मी जात होते तिथे शेवटच्या महिन्यात सगळ्यांना एक पीडीएफ मिळाली. 'डम्प' म्हणतात त्याला. म्हणे परीक्षेतले प्रश्न यातूनच येतात. मी दीड महिना तेच पाठ करून राहिले होते. परीक्षेत पहिल्याच लॅबमध्ये, म्हणजे स्वतः कमांड देऊन करायच्या प्रश्नात, दोन स्विच (एका नेटवर्कमधली यंत्रं जोडणारी पेटी) समोर आले, त्यांना जोडणारी ट्रंक चालत नव्हती, आणि माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. पाठ केलेल्या उत्तरात पर्याय असतात, कमांड लाइनवर पर्याय नसतात. निकालाच्या कागदावर विभागवार टक्के येतात. 'आयपी कनेक्टिव्हिटी', म्हणजे राउटिंगच्या विभागासमोरचा आकडा बघून मी सेंटरच्या जिन्यातच बसले होते. आणि डम्प वापरणं सिस्कोच्या नियमातही बसत नाही. पकडले गेलात तर मिळालेलं सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. क्लासमध्ये कोणी पीडीएफ पुढे केली तर घेऊच नका, भाऊ.

दुसऱ्या वेळी मी एकच गोष्ट बदलली. प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारायचा: या ठिकाणी पॅकेटचं (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचं) नेमकं काय होतं? पुस्तकातलं प्रकरण संपवायचं नाही, पॅकेटच्या मागे मागे चालत जायचं.

म्हणजे कसं ते दाखवते. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं सिम्युलेटर, नेटवर्किंग ॲकॅडमीच्या साइटवर खातं उघडलं की फुकट मिळतं. त्यात एक राउटर (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट पाठवणारा), एक स्विच, एक पीसी जोडा, आयपी पत्ते द्या आणि राउटरवरून पीसीला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते पाहा. पाच पिंग जातात. स्क्रीनवर आधी एक टिंब येतं, मग चार उद्गारचिन्हं. खाली लिहून येतं, ८० टक्के यश. मी कितीतरी दिवस ते टिंब पाहून पुढे जायची. ते का पडलं? कारण राउटरला पीसीचा आयपी माहीत होता, मॅक ॲड्रेस (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) नव्हता. मग त्याने वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारावी तसं सगळ्यांना विचारलं, 'हा आयपी कोणाचा?' हीच एआरपी रिक्वेस्ट, सगळ्यांसाठी, म्हणजे ब्रॉडकास्ट. ज्याचा होता त्याने एकट्या राउटरलाच उत्तर दिलं, आपला मॅक सांगितला. हे होईपर्यंत पहिलं पॅकेट टाकून दिलेलं असतं. पुढच्या चौघांना मॅक तयार मिळतो. या एका टिंबात एआरपी, ब्रॉडकास्ट, स्विचचं मॅक टेबल (कोणता मॅक कोणत्या पोर्टवर, याची यादी), सगळं येतं. मी ते माझ्या आत्याला मराठीत समजावून सांगितलं, तेव्हा मला खात्री पटली की आता येतंय. परीक्षा इंग्रजीत असते म्हणून घाबरू नका. शब्द इंग्रजीच ठेवा, पण घटना मराठीत मोठ्याने सांगता येते का ते रोज पाहा. जिथे अडखळाल तिथे समजलेलं नाही.

तसंच पॅकेट एका राउटरहून दुसऱ्याकडे जाताना आयपी तेच राहतात (वाटेत आयपी बदलणारं नॅट मध्ये नसेल तर), मॅक मात्र प्रत्येक टप्प्यावर नवे लागतात. खापरीहून लोकमान्य नगरला जाताना सीताबर्डीला मेट्रो बदलते, उतरायचं स्टेशन बदलत नाही. या एका गोष्टीवर परीक्षेत वेगवेगळ्या तऱ्हेने प्रश्न येतात.

सबनेटिंगसाठी, म्हणजे नेटवर्कचे छोटे गट पाडण्याच्या हिशोबासाठी, वेगळा वेळ काढू नका, रस्त्यावर करा. मी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला थांबले की पुढच्या गाडीची नंबर प्लेट बघायची. एमएच ३१ असो की ४९, शेवटचे दोन आकडे घ्यायचे. समजा ७७ आले आणि मी मनात स्लॅश २७ धरलं, म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २७ नेटवर्कचे. मास्कचा शेवटचा आकडा २२४, २५६ मधून वजा केला की ३२. म्हणजे ०, ३२, ६४, ९६ असे गट. ७७ हा ६४ च्या गटात. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५, वापरायला मिळणारे पत्ते ६५ ते ९४, एकूण ३०. सिग्नल हिरवा व्हायच्या आत उत्तर यायला हवं. सुरुवातीला मला कागद लागायचा, दोन महिन्यांनी लागेनासा झाला. परीक्षेला १२० मिनिटं असतात आणि एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही, त्यामुळे इथे वाचलेले वीस-वीस सेकंद लॅबच्या प्रश्नांना मिळतात.

अभ्यासक्रमात आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के वजन आहे, सगळ्यात जास्त. त्याखालोखाल नेटवर्कची मूलतत्त्वं आणि नेटवर्क ॲक्सेस २०-२० टक्के, सिक्युरिटी १५, आयपी सर्व्हिसेस १० आणि ऑटोमेशन १०. राउटिंग टेबल, म्हणजे कुठे जायला कोणती वाट याची राउटरमधली यादी, वाचता येणं ही या परीक्षेची किल्ली आहे. मी जिथे आपटले ती जागा सांगते. टेबलमध्ये १०.१.०.०/१६ चा स्टॅटिक (हाताने घातलेला) रूट आहे आणि १०.१.५.०/२४ ओएसपीएफने (राउटर एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत) आलाय. १०.१.५.९ ला जायचंय, कोणता रूट? मला पाठ होतं की स्टॅटिकचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूट कुठून आला त्यावरचा भरवशाचा आकडा, कमी तितका चांगला) १ आणि ओएसपीएफचा ११०, म्हणून मी स्टॅटिक लिहिलं. चूक. जास्त लांबीचा प्रिफिक्स (स्लॅशपुढचा मोठा आकडा) आधी जिंकतो, इथे /२४. डिस्टन्सची तुलना तेव्हाच, जेव्हा अगदी तोच प्रिफिक्स दोन ठिकाणांहून येतो. हे पुस्तकात मी दहादा वाचलं होतं. लॅबमध्ये दोन्ही रूट घालून ट्रेसराउट (पॅकेटची वाट दाखवणारी कमांड) चालवला, तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं) आणि ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी एकच जोडणी) यांवर घाम गाळा. हे मी परीक्षेपुरतं सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॅमेऱ्यांसाठी नवं व्हीलॅन ३० टाकायचं होतं. ट्रंकवर 'अलाउड व्हीलॅन' च्या पुढे 'ॲड' लिहायचं राहिलं आणि मी नुसतं ३० टाकून एंटर दाबलं. 'ॲड' नसेल तर ती यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून टाकते. ट्रंकवरून फक्त ३० जायला लागलं. अकाउंट्सचे संगणक बंद, आणि त्याच ट्रंकवरून मी स्विचमध्ये शिरलेली, त्यामुळे माझंही कनेक्शन तुटलं. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली रॅक होता. मे महिना, कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची तार) घेऊन पळत गेले. त्या दिवसापासून लांबच्या स्विचवर जोखमीचं काम करण्याआधी मी कॉन्फिगरेशन सेव्ह करते आणि 'रिलोड इन १०' देते: दहा मिनिटांत मी रद्द केलं नाही तर स्विच आपोआप रिस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या स्थितीवर येतो. लॅबमध्ये ही चूक मुद्दाम करा. प्रत्येक चालू लॅब मोडा, मोडल्यावर काय दिसतं ते वहीत लिहा, मग दुरुस्त करा. नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवरून नंबराच्या खुणेशिवाय जाणारं) दोन्हीकडे वेगळं ठेवा. ओएसपीएफचा हॅलो टायमर एकीकडे १०, दुसरीकडे ५ करून पाहा, दोन राउटरांचा शेजार जुळतच नाही. माझ्या मते बिघडवून शिकलेला एक तास नीट चाललेल्या पाच लॅबना भारी आहे.

वायरलेस, आयपीव्ही६ आणि ऑटोमेशन शेवटी घ्या, पण सोडू नका. जेसन (माहिती लिहायची एक पद्धत) वाचता आलं पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासक्रमाच्या १.१ आवृत्तीत एआय आणि टेराफॉर्म हे ऑटोमेशनचं साधनही आलंय, तिथे ओळखीपुरतं पुरतं.

क्लासबद्दल. धरमपेठ, सीताबर्डीकडे क्लास बरेच आहेत. तुमच्या वेळेत बसणारी सकाळची बॅच मिळाली आणि शिस्त लागावी म्हणून लावायचा असेल तर लावा, पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी पाहा. लॅबवर प्रत्येकाला स्वतः हात चालवायला किती तास मिळतात, आणि नोट्स २००-३०१ च्या (सीसीएनए परीक्षेचा नंबर) आहेत का. ही परीक्षा फेब्रुवारी २०२० पासून आहे, तरी जुन्या नोट्स झेरॉक्स होऊन अजून फिरतात. स्वतःहून सकाळी उठता येत असेल तर क्लासशिवाय निभतं. सिस्कोच्या साइटवरचा अभ्यासक्रम छापून भिंतीवर लावा आणि त्यातली ओळन् ओळ लॅबमध्ये करून खोडत जा.

आधी सोपी परीक्षा द्यायची गरज मला वाटत नाही. सिस्कोची सीसीएनएच्या आधीची सीसीईएनटी २०२० मध्येच बंद झाली. सिस्कोचीच सीसीएसटी आणि कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस या सुरुवातीच्या परीक्षा आहेत, वाईट नाहीत, पण दुकानाच्या पगारातून दोनदा फी भरण्यापेक्षा ते पैसे सीसीएनएसाठी ठेवा. तिची फी ३०० डॉलर, वर कर; म्हणजे पंचवीस हजारांच्या वरच. नापास झालात तर पाच दिवसांनी पुन्हा देता येते, पण फी पुन्हा पूर्ण. म्हणून तारीख घाईने घेऊ नका. रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी चार, तर पाच-सहा महिने धरा. घरून ऑनलाइन देता येते, पण आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, सेंटरलाच जा.

उद्या सकाळी सुरुवात अशी करा: वर सांगितलेल्या लॅबमध्ये राउटर आणि स्विच यांच्या मध्ये आणखी एक राउटर घाला, रूट द्या, आणि पहिल्या राउटरवरून पलीकडच्या पीसीला पिंग करा. किती टिंबं येतील आणि प्रत्येक टिंब कोणत्या राउटरवर पडेल, हे आधी वहीत लिहा. मग एंटर दाबा.